आधी कंदील

घोड नदीकाठच्या आमच्या गावात उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला माणसं लावली, की सगळ्यात आधी आबा कंदील पेटवायचे. भर उन्हात, सकाळी दहाला. काच पुसायची, वात सारखी करायची, कडीला दोर बांधायचा आणि सहा परस खोल विहिरीत कंदील हळूहळू सोडायचा. आम्ही पोरं काठावर पालथी पडून ज्योतीकडं बघत असायचो. तळाशी जाऊन ती तशीच उभी राहिली, की मग यारीच्या दोराला धरून माणूस उतरायचा. एका वर्षी ती अर्ध्यावरच आखडली, थरथरली आणि नुसती काळी काच दिसायला लागली. गाळ काढायला आलेला गडी तरणाताठा होता, रोजावर आला होता, त्याला दिवस वाया घालवायचा नव्हता. "आबा, मी वाकून बघितलं, वास नाय का काय नाय. उतरतो की," तो म्हणाला. आबांनी दोर वर ओढून घेतला. "तुला नाय कळायचं. ह्याला कळलं," म्हणत विझलेला कंदील त्यांनी त्याच्यासमोर धरला. त्या दिवशी कुणी उतरलं नाही. लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून दिवसभर वरखाली केला, वरून पाणी मारलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आधी कंदील खाली गेला.

पुढे पंचवीस वर्षांनी मेक्सिकोतल्या युकातानमध्ये, एका सेनोटेच्या, म्हणजे चुनखडीतल्या नैसर्गिक विहिरीच्या, उघड्या डोहात, मी दहा मीटर खोल पाण्यात, सोडलेला श्वास पुन्हा वापरणारा रीब्रीदर पाठीवर घेऊन दोरीचं रीळ बांधत होतो. माझ्या प्रशिक्षकानं मागून येऊन प्राणवायूच्या टाकीची तोटी बंद केली. मनगटावरच्या पडद्यावरचा प्राणवायूच्या दाबाचा आकडा 1.2 होता, तो 1.0 झाला, 0.8 झाला. मी गाठ नीट बसते का ते पाहत होतो. आकडा 0.5 वर आला तेव्हा त्यानं माझा दंड धरला आणि मनगट माझ्या डोळ्यांसमोर आणलं. वर आल्यावर त्यानं एकच प्रश्न विचारला: "कसं वाटत होतं?" मी खरं तेच सांगितलं. छान वाटत होतं. तो म्हणाला, "आणखी काही मिनिटांनी बेशुद्ध झाला असतास, आणि तोपर्यंत छानच वाटलं असतं."

रीब्रीदर घेऊन पाण्याखालच्या गुहेत जाण्यासाठी कोणतं शिक्षण लागतं आणि किती अनुभव लागतो, या विषयावरच्या मराठी पुस्तकाची ही प्रस्तावना आहे. ती लिहिताना मला सारखा तो कंदील आठवत राहिला, कारण या विद्येचा गाभा आमच्या विहिरीच्या काठावर होता, असं मी आता खात्रीनं म्हणू शकतो. माणसाला श्वास घ्यावासा वाटतो तो अंगात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळं. प्राणवायू कमी पडल्याची वर्दी शरीर जवळजवळ देतच नाही. जी वर्दी शरीर देत नाही, ती दुसऱ्या कशानं तरी घ्यावी लागते. आणि ती मिळाल्यावर, आपल्याला अगदी बरं वाटत असतानाही, तिच्यावर विश्वास ठेवून मागं फिरावं लागतं. ऐकायला सोपं आहे. अंगवळणी पडायला वर्षं लागतात.

जुन्नर-आंबेगावचा वाचक विचारील, की आमच्याकडं पाण्यानं भरलेल्या गुहा आहेत कुठं? नाहीत. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा, लाव्हाच्या थरांचा. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी इथं जे आहे ते माणसानं छिन्नीनं कोरलेलं; ती लेणी, गुहा नव्हेत. लेण्यांशेजारच्या पाण्याच्या टाक्यांना जुन्या शिलालेखांत 'पोढी' म्हटलेलं आहे, आणि चावंडवरची सात टाकी पाहिली की कातळात पाणी राखण्याची आपल्या पूर्वजांची समज लक्षात येते. पण पाण्यानं स्वतः खडक विरघळवून मैलोन्‌मैल बोगदे करावेत, असं होतं ते चुनखडीच्या प्रदेशात: युकातानमध्ये, फ्लोरिडात, दक्षिण फ्रान्समध्ये, इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये, आपल्याकडं मेघालयात. तिथं पाण्याखाली शिरलेल्या माणसाच्या डोक्यावर छत असतं. समुद्रात अडचण आली तर वर जाता येतं. गुहेत आधी आलात त्या वाटेनं तितकंच मागं जावं लागतं, मगच वर. तळाचा गाळ पायाच्या पंख्यानं ढवळला गेला तर विजेरीचा झोत हातभरही पुढं जात नाही, आणि मग बोटांत धरलेली दोरी हाच रस्ता.

आता यंत्राबद्दल. साध्या स्कुबात आपण टाकीतली हवा घेतो आणि बुडबुड्यांवाटे सोडून देतो. सोडलेल्या हवेत सोळा-सतरा टक्के प्राणवायू शिल्लक असतो. तो सगळा वाया जातो. खोल गेलं की दाब वाढतो आणि हवा त्या पटीत जास्त लागते. वर मिनिटाला 20 लिटर घेणारा माणूस 30 मीटरवर 80 लिटर घेतो. म्हणजे 12 लिटरची, 200 बारपर्यंत भरलेली टाकी तिथं अर्ध्या तासात संपते. रीब्रीदर सोडलेला श्वास फेकत नाही. तो नळीतून एका डब्यात जातो, तिथं सोडा लाइमचे दाणे त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, जेवढा प्राणवायू शरीरानं वापरला तेवढाच छोट्या टाकीतून भरला जातो, आणि तोच श्वास परत तोंडाशी येतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकल्यावर ती दुधासारखी झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. डब्यात घडतं ते त्याच जातीचं. शरीर मध्यम कष्टात मिनिटाला साधारण एक लिटर प्राणवायू वापरतं, आणि तो आकडा खोलीनं वाढत नाही. त्यामुळं तीन लिटरची छोटी टाकीही तासन्‌तास पुरते. लांबच्या गुहांचा रस्ता या यंत्रानं उघडला तो यामुळं.

हे सगळं वाचून यंत्राच्या प्रेमात पडायला होतं. मीही पडलो. म्हणून त्याची दुसरी बाजू इथंच मांडतो. प्राणवायूचा दाब 0.16 बारच्या खाली जाऊ लागला की शुद्धीचा भरवसा राहत नाही, आणि वर येताना बाहेरचा दाब उतरतो तसा हा आकडाही उतरतो. दहा मीटरवर जेमतेम चालणारा श्वास पाण्याच्या पृष्ठभागाशी जीव घेऊ शकतो. उलट हा दाब 1.6 च्या वर गेला तर झटके येऊ शकतात, आणि पाण्यात झटका म्हणजे तोंडातली नळी सुटणं. तिसरा धोका मला सगळ्यात भीतिदायक वाटतो: डब्यातले दाणे संपले, नीट भरले गेले नाहीत, किंवा माणूस इतका धापा टाकू लागला की त्यांना शोषायला वेळच मिळेना. मग कार्बन डायऑक्साइड परत फुप्फुसात येतो. इथं शरीर वर्दी देतं, पण ती इतक्या उशिरा आणि इतक्या जोरात येते की श्वासाची लय हातातून गेलेली असते.

डबा भरताना पाहिलं तर हे लक्षात येईल. पायलीनं धान्य मोजताना आपण माप हलवतो, ठोकतो, मग पुन्हा वर घालतो. दाणे तसेच ठोकून, बसवून भरावे लागतात. कुठं पोकळी राहिली तर श्वास सगळ्या दाण्यांतून न जाता त्या पोकळीतूनच निसटतो. बांधाला उंदराचं बीळ पडलं की सगळं पाणी तिथूनच वाहतं, तसं. बाहेरून डबा भरलेलाच दिसतो. म्हणून पाण्यात शिरण्याआधी पाच मिनिटं काठावर बसून, नजर पडद्यावर ठेवून, यंत्रावर श्वास घ्यायचा असतो. या पाच मिनिटांत गप्पा नाहीत, फोटो नाहीत. मी आजवर पाहिलेल्या पाणबुड्यांची पारख याच पाच मिनिटांत झाली आहे.

या विद्येचा इतिहास गुहेपेक्षा बोगद्यातून सुरू होतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. इंग्लंडमध्ये हेन्री फ्लूस यांनी 1878 मध्ये प्राणवायूवर चालणारं बंद यंत्र बनवलं. 1879 मध्ये सेव्हर्न नदीखालचा रेल्वेचा बोगदा पाण्यानं भरला. आतला लोखंडी दरवाजा बंद करणं भाग होतं. अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या आधी नेहमीच्या जड पोशाखात गेला, पण हवेची लांब नळी अडकून मागं फिरला. मग फ्लूसचं यंत्र वापरायला शिकून, काळोखात सुमारे हजार फूट जाऊन त्यानं काम केलं. त्यात माझ्या मनात राहतं ते त्याचं आधी मागं फिरणं आणि मग शिकून परत जाणं.

गुहेतलं शिस्तबद्ध डायव्हिंग 1935 मध्ये सॉमरसेटच्या वूकी होलमध्ये ग्रॅहम बालकॉम आणि जॅक शेपर्ड यांनी सुरू केलं; 1946 मध्ये तिथल्या मंडळींनी केव्ह डायव्हिंग ग्रुप स्थापन केला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये व्होक्लूझच्या झऱ्यात झाक-ईव्ह कुस्तो आणि त्यांचा सोबती मरता मरता वाचले. नंतर कळलं, की टाक्या भरणारा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनचा धूर आत ओढत होता. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसणाऱ्या माझ्या भागातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो कंदिलालाही कळत नाही.

फ्लोरिडात साठ-सत्तरच्या दशकांत तरुण मुलं गुहांत मरू लागली, तेव्हा शेक एक्सले यांनी एक अवघड काम हाती घेतलं. प्रत्येक मृत्यूचा तपशील त्यांनी तपासला आणि 1979 मध्ये एका लहानशा पुस्तकात निष्कर्ष मांडले. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड दोरी हवी. हवेचा एक तृतीयांश आत जाताना, एक तृतीयांश येताना, आणि उरलेला तिसरा भाग हातचा राखून ठेवायचा. झेपेल त्यापेक्षा खोल जायचं नाही. पुढं त्यात प्रशिक्षण आणि तीन विजेऱ्या यांची भर पडली. आज जगभर शिकवलं जाणारं शास्त्र या शवविच्छेदनासारख्या प्रामाणिक लिखाणावर उभं आहे. एक्सले स्वतः 1994 मध्ये मेक्सिकोतल्या साकातोन या अतिखोल विवरात गेले ते परतले नाहीत. नियम चुकीचे होते असा त्याचा अर्थ मी लावत नाही. अनुभवाला सीमा असते, एवढंच त्यातून घेतो. रीब्रीदरचं आधुनिक पर्व 1987 मध्ये फ्लोरिडाच्या वाकुला झऱ्यावर सुरू झालं, असं ढोबळमानानं म्हणता येईल. बिल स्टोन यांनी तिथं आपल्या यंत्रावर सलग 24 तास पाण्याखाली काढून दाखवले.

पंथ म्हणाल तर इथंही आहेत, आणि आपल्या कीर्तनपरंपरेइतकेच ते ठाम आहेत. ब्रिटिश पंथ अरुंद, गढूळ, थंड कपारींत वाढला. तिथं दोघांना शेजारी पोहायला जागाच नसते. म्हणून टाक्या पाठीऐवजी बगलेला, आणि भरवसा स्वतःवर. फ्लोरिडाच्या रुंद, स्वच्छ बोगद्यांत संघाचा पंथ वाढला. सगळ्यांची साधनं एकसारखी, मांडणी एकसारखी, खुणा एकसारख्या, जेणेकरून काळोखातही सोबत्याच्या अंगावरची तोटी हाताला बरोबर सापडावी. यंत्राबाबतही मतं दोन. प्राणवायू यंत्रानं आपोआप भरावा की पाणबुड्यानं आकडा पाहून हातानं? हातानं भरणारे म्हणतात, त्यामुळं नजर आकड्यावर राहते. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण थकलेल्या माणसाची नजर चुकते, हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही खोटा नाही.

मोठा वाद शिकण्याच्या क्रमाचा आहे. एक मत असं, की आधी साध्या टाक्यांवर गुहा पुरती अंगात मुरवावी, मग समुद्रात रीब्रीदर शिकावा, आणि दोन्ही स्वतंत्रपणे पक्कं झाल्यावरच एकत्र आणावं. दुसरं मत म्हणतं, की जुन्या सवयी नव्या यंत्रावर आड येतात. उदाहरण घ्या. साध्या स्कुबात श्वास भरून घेतला की अंग किंचित वर उचललं जातं, सोडला की खाली जातं. खडकावरून अलगद जायला पाणबुड्या हेच वापरतो. रीब्रीदरवर फुप्फुसात आलेली हवा यंत्राच्याच श्वासाच्या पिशवीतून गेलेली असते, एकूण आकार तेवढाच, त्यामुळं कितीही श्वास भरा, अंग हलत नाही. शेकडो तास साध्या टाकीवर काढलेला माणूस पहिल्या दिवशी छताला डोकं आपटतो आणि तळाचा गाळ उडवतो. वाद खरा आहे, तरी या पुस्तकाचे लेखक पहिल्या मताचे आहेत आणि मीही. सवय मोडून नवी लावता येते. पण डोक्यावर छत असताना शांत राहणं हा वेगळाच धडा आहे, आणि तो शिकताना पाठीवर साधं, समजणारं साधन असावं.

शेवटी काही बिघडलं तर यंत्र सोडून सोबतच्या साध्या टाकीवर बाहेर यायचं, ही सगळ्या पंथांची समान भूमिका. हिशेब इथंच चुकतो. शांतपणे पोहताना पुरेल एवढी हवा बहुतेकजण बाळगतात. पण कार्बन डायऑक्साइड चढलेला माणूस नेहमीच्या कित्येक पट वेगानं श्वास घेतो, आणि तोंडातली नळी बदलण्याइतकीही उसंत त्याला नसते. 8 जानेवारी 2005 ला दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होलमध्ये डेव्हिड शॉ हे ऑस्ट्रेलियन पाणबुडे 270 मीटर खोलीवर दहा वर्षांपूर्वी बुडालेल्या एका तरुणाचा मृतदेह आणायला गेले. देह सुटा करताना कष्ट वाढले, श्वास वाढला, आणि ते तिथंच राहिले. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण आमच्या विहिरींचीही हीच गोष्ट आहे. एक कोसळतो, त्याला काढायला दुसरा धावतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. वाचवायला जाणाऱ्याचा श्वास आधीच वाढलेला असतो आणि कंदील सोडायला त्याला वेळ नसतो.

मराठीत हे आत्ताच का हवं? 2018 च्या जुलैमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक बाहेर काढले गेले, तेव्हा आपण सगळे बातम्यांना चिकटून होतो. पाणी उपसण्याच्या कामात पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंते तिथं होते, याचा अभिमानही वाटला. पण मुलांपर्यंत पहिल्यांदा पोचले ते निवृत्त अग्निशामक रिक स्टँटन आणि संगणकक्षेत्रातले जॉन व्होलंथन. कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी इंग्लंडच्या गढूळ कपारींत शिरणारी ही माणसं. थाई नौदलाच्या कमांडोंच्या कणखरपणाबद्दल शंका नको; त्यांचे माजी सहकारी समन कुनान यांनी 6 जुलैला त्याच पाण्यात प्राण दिला. फरक होता तो गुहेतल्या तासांचा. त्याच वर्षी 13 डिसेंबरला मेघालयातल्या क्सानच्या पाण्यानं भरलेल्या कोळसाखाणीत 15 कामगार अडकले. नौदल आलं, एनडीआरएफ आलं, किर्लोस्करांचे पंप तिथंही गेले, आणि कुणीही जिवंत बाहेर आलं नाही. त्या काळोखात शिरण्याचा अनुभव असलेली माणसं आपल्या देशात किती थोडी आहेत, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

आपल्या भागात येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी पाच धरणं आहेत. डिंभ्याच्या पाण्याखाली तर आंबेगाव हे गावच गेलं. तालुक्याला नाव राहिलं आणि कचेरी घोडेगावात. कुणी बुडालं की काठावर जमलेल्यांतला पट्टीचा पोहणारा उडी घेतो, गळ टाकले जातात, होड्या फिरतात. ही माणसं शूर आहेत. माळीणला डोंगर कोसळला तेव्हाही आजूबाजूच्या वाड्यांतली माणसंच आधी धावली होती. 'पाण्यात पडलं की पोहता येतं' या म्हणीवर आपण वाढलो. शूरांच्या हाती शास्त्र द्यायचं असेल, तर ते त्यांच्या भाषेत असायला हवं. दुसरीकडं पुण्याची कमावती मुलं तारकर्लीला पहिली डुबकी मारतात, दोन वर्षांत थायलंड, मग थेट मेक्सिको. पैसे भरले की अभ्यासक्रमात जागा मिळते. प्रमाणपत्र पैशानं मिळू नये, असं मानणारे प्रशिक्षक जगात आहेत, आणि 'अजून नाही' हे दोन शब्द ऐकायची तयारी शिकणाऱ्यात हवी. मला ते दोनदा ऐकावे लागले.

अनुभव म्हणजे नुसते तास नव्हेत, हे या पुस्तकाचं म्हणणं मी सगळ्यात जास्त मोलाचं मानतो. यंत्रात प्राणवायू मोजणारे सहसा तीन सेन्सर असतात. एक थोडा कमी दाखवू लागतो, बाकीचे दोन जुळतात, माणूस म्हणतो 'चालतंय', आणि त्या दिवशी खरंच चालतं. पुढच्या खेपेला तो तेच करतो. अशा शंभर डुबक्यांनी चुकीची गोष्ट पक्की होत जाते. सेन्सर साधारण एकाच वेळी बसवलेले असतील तर एकाच वेळी म्हातारेही होतात. जुळलेले दोन खोटे आणि वेगळा पडलेला एक खरा, असंही घडतं. म्हणून लेखकांनी आपल्या नोंदवह्यांतून निवडलेल्या डुबक्यांत सोडून दिलेल्या डुबक्या जास्त आहेत: काठावर पाच मिनिटं बसून यंत्र उतरवून ठेवलेले दिवस, गुहेच्या तोंडाशी जाऊन परतलेले दिवस. असं लिखाण मी मराठीतच काय, अन्य भाषांतही क्वचित वाचलं आहे.

शब्दांचाही प्रश्न होता. स्क्रबर (दाण्यांचा डबा), लूप (श्वासाचा बंद फेरा), बेलआउट (यंत्र सोडून साध्या टाकीवर येणं) हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण पाण्यात शिरल्यावर सोबतीही तेच वापरणार. पण समजावताना विहीर, मोट, बांध, पायली यांचाच आधार घेतला आहे. हे पुस्तक वाचून कुणी गुहेत उतरू नये. ते प्रशिक्षकाची जागा घेत नाही आणि घेण्याचा आव आणत नाही. शिकायला निघालेल्याला काय विचारावं, कुणाला नकार द्यावा आणि स्वतःला कधी थांबवावं, एवढं त्यातून कळलं तरी पुष्कळ.

माझ्या आग्रहावरून शेवटी दोन पानं विहिरीवर जोडली आहेत. गाळ काढण्यापूर्वी वायू मोजणारं यंत्र कसं वापरायचं, ते नसेल तर का उतरायचं नाही, इंजिन आत का ठेवू नये, कोसळलेल्या माणसाला वरूनच कसं ओढावं, यासाठी आधीच कमरेला दोर का हवा. आबांच्या कंदिलाला जे कळत नव्हतं तेही त्यात आलं आहे. ही पानं टाके न घालता, सुटी लावली आहेत. ती काढून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, नाहीतर यारीच्या मालकाच्या दुकानात लावा.